वहिवाटीचा दावा हेगच्या न्यायालयात

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी जरा संकोचले. मी त्यांना म्हटले, "अहो, मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई. सनावळ्यांशिवाय मला दुसरे काय येते?" त्या म्हणाल्या, "मग इतिहासच सांगा, पण कुणाला डुलकी लागणार नाही असा सांगा." अट मोठी कठीण आहे. पण प्रयत्न करते.

गेल्या महिन्यात आपल्या वृत्तपत्रवाचनाच्या बैठकीत एका भगिनीने मला प्रश्न विचारला होता. ती म्हणाली, "बाई, हा संयुक्त राष्ट्रसंघ आणि ते आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे तरी कशाला? लढाया तर चालूच आहेत. ज्या कायद्यामागे पोलीस नाही, तो कायदा कसला?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. घरी गेल्यावर भाकऱ्या थापताना तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. आज त्या भगिनीला मी एक खटला सांगणार आहे. तो हेग शहरी चालला, पण त्यात पुण्याच्या पेशवे दरबाराच्या सनदा होत्या, आणि वाद होता आपल्याला सर्वांना चांगल्या माहीत असलेल्या एका गोष्टीचा : वहिवाटीचा.

वहिवाट म्हटली की मला आमच्या गावचे घर आठवते. आजोबांच्या वेळीच वाटण्या झाल्या होत्या. पुढचा भाग वडिलांकडे आला, मागचा थोरल्या काकांकडे गेला. विहीर काकांच्या परसात पडली. आमचे पिण्याचे पाणी मात्र त्याच विहिरीचे. आई पहाटे दोन कळश्या घेऊन काकांच्या अंगणातून जाई आणि भरून परत येई. तिच्या आधी आजी तशीच जात असे. कुणी कधी परवानगी मागितली नव्हती, कुणी कधी अडवले नव्हते.

एका उन्हाळ्यात वडिलांनी घर दुरुस्तीला काढले आणि दगडमातीची बैलगाडी त्याच अंगणातून नेली. चाकाने काकूंच्या तुळशीवृंदावनाचा कोपरा ढासळला. दुसऱ्या दिवशी आई कळशी घेऊन गेली तो वाटेवर बाभळीच्या फांट्या टाकलेल्या! आई एक शब्द न बोलता माघारी वळली. तेव्हापासून आमचे पाणी नदीवरून येऊ लागले. मी नऊ वर्षांची होते, माझ्याही डोक्यावर एक लहान कळशी आली.

शेवटी गावातले चार जाणते लोक बसले. वाटणीचा कागद काढला, तर त्यात वाटेचा उल्लेखच नाही. मग म्हाताऱ्या माणसांना विचारले. निर्णय असा झाला : अंगण काकांचे, त्याबद्दल वाद नाही. पण पाण्यासाठी पायी जाण्यायेण्याची वहिवाट फार जुनी आहे, ती मोडता येणार नाही. गाडीबैलाची वहिवाट मात्र नाही. गाडी न्यायची तर विचारून न्यावी. हा निर्णय ऐकून दोन्ही घरे नाराज झाली. तरी फांट्या निघाल्या आणि माझ्या डोक्यावरची कळशी उतरली.

पुढे शिक्षिका झाल्यावर मी हेगच्या या खटल्याचा निकाल वाचला, तेव्हा मला आमचे ते अंगणच दिसू लागले. आता तो खटला सांगते.

पश्चिम किनाऱ्यावर दमण आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते. दमणपासून आत, जमिनीने वेढलेले, दादरा आणि नगर हवेली हे दोन तुकडे आहेत. वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासींची तिथे वस्ती. हे तुकडेही पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. पण दमणहून तिथे जायचे तर मधला मुलूख आपला. म्हणजे आमच्या विहिरीसारखेच झाले : पाणी एकीकडे, अंगण दुसऱ्याचे.

हे तुकडे पोर्तुगीजांना मिळाले कसे? १७७९ साली पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. सवाई माधवराव पेशवे तेव्हा पाच वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. इंग्रजांशी युद्ध जुंपलेले, तेव्हा पोर्तुगीजांशी सख्य असलेले बरे, असा तो काळ. तहाच्या सतराव्या कलमात दमणजवळचा वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यायचे ठरले, आणि १७८३ व १७८५ साली सनदा देऊन गावे लावून दिली. पुढे १८१८ साली पेशवाई बुडाली, इंग्रज आले, १९४७ साली इंग्रजही गेले. पोर्तुगीज मात्र होते तिथेच होते.

१९५४ च्या पावसाळ्यात हे बदलले. २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेलीतील सिल्वासा स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केले. त्यांत गोमंतकीय होते आणि महाराष्ट्रातून गेलेले पुष्कळ तरुण होते. ज्यांची गाणी आपण आजही गुणगुणतो ते संगीतकार सुधीर फडके हे त्यांच्यातलेच एक. दादऱ्याच्या ठाण्यावरचा पोलीस अधिकारी त्या धामधुमीत मारला गेला. दमणहून कुमक पाठवायची तर वाट भारतातून, आणि भारताने ती वाट बंद केली. आपल्या शब्दांत सांगायचे तर बाभळीच्या फांट्या टाकल्या.

आता पोर्तुगालने काय करावे? त्याने मोठी हुशारी केली. हे समजण्यासाठी हेगच्या न्यायालयाची एक गोष्ट आधी सांगायला हवी. आपल्या गावच्या न्यायालयात कुणी दावा लावला की आपल्याला जावेच लागते. हेगला तसे नाही. प्रत्येक राष्ट्र सार्वभौम, म्हणजे आपल्या घरचे मालक. त्याच्या संमतीवाचून त्याला न्यायालयात ओढता येत नाही. काही राष्ट्रे मात्र आधीच लिहून देतात की, ज्यांनी असेच लिहून दिले आहे त्यांनी आमच्यावर दावा केला तर आम्ही हजर राहू. भारताचे असे लिहून दिलेले होते. पोर्तुगालचे नव्हते, तो संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासदच नव्हता.

१४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल सभासद झाला. १९ तारखेला त्याने लिहून दिले. २२ तारखेला भारतावर दावा दाखल केला! आठ दिवसांत सगळे उरकले. पुढच्याच महिन्यात भारताने आपले लिहून दिलेले बदलले, पण दावा आधीच दाखल झाला होता, तो सुटला नाही.

भारताने काय केले असेल? "आम्ही येत नाही जा," असे म्हणता आले असते. हेगहून कुणी शिपाई वॉरंट घेऊन येणार नव्हता. शिवाय गुलामगिरी लादणाऱ्या परक्याने उलट आपल्यालाच न्यायालयात खेचावे, याचा देशात संताप होता. तरी भारत गेला. आधी त्याने सहा हरकती घेतल्या. "ही घाई लबाडीची आहे, न्यायालयाला हा दावा चालवण्याचा अधिकारच नाही," असा त्यांचा रोख होता. १९५७ साली न्यायालयाने चार हरकती फेटाळल्या आणि दोन मूळ दाव्याबरोबर ऐकू असे सांगितले. मग आपले ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांच्यासह मोठमोठे वकील आपल्या बाजूने उभे राहिले. वादातल्या ज्या राष्ट्राचा न्यायाधीश तिथे नसेल त्याला त्या खटल्यापुरता आपला एक नेमता येतो. आपण मुंबई उच्च न्यायालयाचे एम. सी. छागला यांना नेमले, पोर्तुगालने त्यांचा एक नेमला.

आणि मग, भगिनींनो, युरोपातल्या त्या न्यायमंदिरात दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी कारभाराच्या कागदांचा कीस पडू लागला. पोर्तुगाल म्हणाला, "तहाने आणि सनदांनी गावांचे राज्यच आम्हाला दिले, आणि राज्य दिले म्हणजे जायची वाटही दिली." आपण म्हटले, "राज्य दिले नाही, सरंजाम दिला." सरंजाम म्हणजे गावच्या वसुलाचे उत्पन्न. परसातल्या आंब्याची फळे आपण बहिणीला लावून दिली, तर आंब्याखालची जमीन काही तिची होत नाही. न्यायालयाने सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ तपासले. मराठ्यांचे इतर तहही पाहिले. त्यांना जिथे मुलूख कायमचा द्यायचा होता, तिथे त्यांनी तसे स्पष्ट लिहिले होते, असे दिसून आले. इथे तसे शब्द नव्हते. तेव्हा न्यायालयाने आपले म्हणणे मानले : मराठ्यांनी दिला तो बारा हजारांचा सरंजाम, राज्य नव्हे. शाळेत मोडी कागदांचे महत्त्व सांगताना मी मुलांना हे हटकून सांगत असे. कारकुनाने काळजीपूर्वक लिहिलेला एखादा शब्द पावणेदोनशे वर्षांनी देशाच्या उपयोगी पडतो!

पण गोष्ट इथे संपली असती तर ती फार सोपी झाली असती. न्यायालय पुढे म्हणाले, मराठ्यांच्या नंतर इंग्रज आले. पोर्तुगीज त्या गावांत संपूर्ण सत्ता गाजवत आहेत हे त्यांनी पाहिले आणि चालू दिले. त्यांनी ना हक्क सांगितला, ना हरकत घेतली. स्वतंत्र भारतानेही आरंभी ती स्थिती तशीच राहू दिली. म्हणून, कागदाने नव्हे पण इतरांच्या मौनाने, त्या गावांवर पोर्तुगालची सत्ता मान्य झाली असे समजले पाहिजे. हे वाचताना मला वाईट वाटले, हे कबूल करते. पण आपल्यापैकी जिने कधी शेताच्या बांधाचा वाद पाहिला आहे, तिला यात नवल वाटणार नाही. शेजारी बांध सरकवत असताना पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसणे महागात पडते.

मग प्रश्न उरला वाटेचा. न्यायालयाने विचारले, प्रत्यक्षात काय चालत आले आहे? पुरावा असा निघाला की सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि साधा माल हे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ दमणहून या गावांत मोकळेपणी जात येत होते. भारताचे म्हणणे होते की केवळ दोन राष्ट्रांमधली अशी रूढी कायदा होऊ शकत नाही. न्यायालय म्हणाले, का होऊ नये? दोघांनी दीर्घकाळ पाळली ती दोघांवर बंधनकारक. सैन्य, हत्यारी पोलीस आणि दारूगोळा यांची गोष्ट मात्र वेगळी. ते न्यायचे तर इंग्रजांच्या काळीही परवानगी लागत असे; १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातही तशी अट होती. परवानगी मागावी लागते तिथे हक्क कसला?

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. पंधरा न्यायाधीश होते. अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले की, १९५४ साली पोर्तुगालला माणसे, मुलकी अधिकारी व साधा माल नेण्याचा हक्क होता, पण भारताच्या नियंत्रणाखाली. आठ विरुद्ध सात, म्हणजे अवघ्या एका मताने ठरले की सैन्य, हत्यारी पोलीस व शस्त्रे नेण्याचा हक्क नव्हता. आणि नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले की, दादऱ्यातील उठावाने आसपासच्या मुलखात तणाव होता, तेव्हा भारताने वाट बंद केली यात त्याने आपले कर्तव्य मोडले नाही. छागला आणि पोर्तुगालने नेमलेले न्यायाधीश या दोघांनीही आपापली भिन्नमते लिहिली.

पायी कळशी न्यावी, गाडी न्यायची तर विचारावे! आमच्या गावच्या चौघांनी हेगचे नाव ऐकले नव्हते, आणि हेगच्या पंधरांनी आमचे गाव पाहिले नव्हते. तरी दोघेही एकाच रीतीने चालले. आधी कागद काय म्हणतो ते पाहायचे, मग माणसे प्रत्यक्षात कशी वागत आली ते पाहायचे, आणि एकाचा हक्क दुसऱ्याच्या मालकीला कुठवर भिडू शकतो याची रेघ ओढायची.

पुढचे थोडक्यात सांगते. १९५४ पासून दादरा-नगर हवेलीचा कारभार तिथली वरिष्ठ पंचायत पाहत होती. १९६१ च्या ऑगस्टमध्ये हा प्रदेश भारतात विलीन झाला. विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंबरोबर सही करायला समोर कुणी तरी अधिकारी पुरुष हवा, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला तेवढ्यासाठी त्या प्रदेशाचा प्रमुख करण्यात आले! घरात घेतानाही दाराशी रीतसर विचारून घ्यावे, तसे हे झाले. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा, दमण आणि दीव मात्र लष्करी कारवाईने मुक्त झाले. पोर्तुगाल वाटाघाटीला तयारच नव्हता, आणि तिथे न्यायालय आड आले नाही की उपयोगीही पडले नाही. हे मी लपवून ठेवणार नाही. पोर्तुगालमधली हुकूमशाही १९७४ साली कोसळल्यावर ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात त्या देशाने या सर्व प्रदेशांवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. आज दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश आहे, २०२० सालापासून.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येते. ज्यामागे पोलीस नाही तो कायदा कसला?

तिची शंका खोटी नाही. निकाराग्वा या लहानशा देशाने अमेरिकेवर दावा केला, १९८६ साली निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि अमेरिकेने तो मानला नाही. अंमलबजावणीसाठी प्रकरण सुरक्षा समितीपुढे गेले, तिथे अमेरिकेनेच नकाराधिकार वापरला. बलवानाने फांट्या काढायच्या नाहीत असे ठरवले तर हेगचे न्यायालय त्या काढू शकत नाही.

पण दुसरी बाजूही पाहा. आपण मुलीला परदेशी पत्र टाकतो तेव्हा तिकीट आपल्या देशाचे लावतो, आणि तिथला पोस्टमन ते मुकाट्याने तिच्या दारात नेऊन देतो. का? १८७४ साली राष्ट्रांनी एकत्र बसून टपालसंघ स्थापला आणि एकमेकांची पत्रे पोचवायचे ठरवले. भारत १८७६ पासून त्यात आहे. त्यामागेही पोलीस नाही. तरी तो कायदा रोज पाळला जातो, इतका की तो आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

आणि ज्या न्यायालयात १९५५ साली आपल्याला ओढून नेले, त्याच न्यायालयाचे दार २०१७ साली आपण होऊन ठोठावले. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने कुलभूषण जाधव यांना फाशीची शिक्षा ठोठावली होती आणि आपल्या वकिलातीच्या लोकांना त्यांची भेटही घेऊ दिली नव्हती. परदेशात अटक झालेल्या माणसाला ही भेट मिळाली पाहिजे, असे १९६३ चा व्हिएन्ना करार सांगतो. हरीश साळवे यांनी भारताची बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मताने ठरले की पाकिस्तानने करार मोडला. भेट द्यावी, शिक्षेचा फेरविचार करावा, आणि तोवर फाशी देऊ नये. शिक्षाच रद्द करा, ही आपली मागणी मात्र मान्य झाली नाही. निकाल अपुरा असेल. पण एका घरातल्या आईच्या दृष्टीने "तोवर फाशी देऊ नये" या शब्दांची किंमत काय, हे मी आपल्याला सांगायला नको. १९५५ साली आपण रागाने पाठ फिरवली असती, तर २०१७ साली त्या दारात कोणत्या तोंडाने उभे राहिलो असतो?

एक गोष्ट महिला मंडळात सांगितलीच पाहिजे. १९६० साली तो निकाल देणाऱ्या पंधरा जणांत बाई एकही नव्हती. या न्यायालयावर पहिली स्त्री न्यायाधीश यायला १९९५ साल उजाडावे लागले. त्यांचे नाव रोझालिन हिगिन्स. पुढे २००६ साली त्या न्यायालयाच्या अध्यक्षही झाल्या. आमच्या गावच्या त्या चौघांतही बाई नव्हती. पाणी कोण भरते हे त्यांना ठाऊक होते, पण जी भरत होती तिला कुणी विचारले नाही.

शेवटी आमच्या घरचे राहिले, ते सांगून संपवते. निर्णयानंतर तीन वर्षे आई रोज काकूंच्या अंगणातून जाई, पण दोघी एकमेकींशी बोलत नसत. आई मान खाली घालून जाई आणि काकू तुळशीकडे तोंड करून उभ्या राहत. मग काकूंच्या मुलीचे लग्न ठरले. मांडवाचे सामान गाडीने आणायचे, तर वाट आमच्या पुढच्या अंगणातून. एका संध्याकाळी काकू स्वतः आमच्या ओटीवर आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "वन्सं नाहीत घरात? मग तुलाच विचारते. गाडी न्यायची आहे. नेऊ का?" आई काही बोलली नाही. तिने पाट मांडला आणि हळदीकुंकवाचा करंडा आणला.

चौघांच्या निर्णयाने त्यांचे मन जुळले, असे मी म्हणणार नाही. निर्णयाने एवढेच केले की तीन वर्षे कुणी कुणाची डोकी फोडली नाहीत, रोजचे पाणी चालू राहिले, आणि विचारायचे कसे हे दोन्ही घरांना ठाऊक झाले. राष्ट्रांच्या कायद्याकडूनही मी एवढीच अपेक्षा करते. ती लहान आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर नदीहून भरलेली कळशी देऊन पाहावी.

चिटणीसबाईंनाही डुलकी लागलेली दिसली नाही.